चमचाभर ब्रँडी

निघोजे,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

सौ. विमलबाई विहीणबाईंना गवराबाईचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. तुमच्या लेकीला पाचवा महिना लागला. तोंडावर तेज आलंय, पण सर्दी-खोकल्यानं बेजार हाय. आमच्यात थंडीत कोमट पाण्यातून चमचाभर ब्रँडी देत्यात. माझ्या सासूनं मलाबी दिलेली. वर्षाराणीनं एक घोट घेतला, आता कप बघितला की तोंड फिरवती. आमचा रविराज म्हणतो, तिला नको तर मला दे, कंपनीतून दमून येतो. तुमीच समजवा तिला, आईचं ऐकंल.

लेकीवर हाय तशी माया आमच्यावरबी असू द्या.

तुमची,
गवराबाई

पिंपरी,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

सौ. गवराबाईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

वर्षा परवा माझ्याकडे आली ती रडतच. तुमचं मन मोडू नये म्हणून तिनं तो घोट घेतला आणि तेव्हापासून तिला घोर लागला. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आई जी दारू घेते ती नाळेतून बाळाच्या रक्तात जाते. त्याचा मेंदू नऊही महिने घडत असतो. मूल कमी वजनाचं होऊ शकतं, पुढे शिकताना अडू शकतं, आणि ते जन्मभर राहतं. ब्रँडी, बिअर, वाइन, सगळं सारखंच. एवढी चालेल असं मापच नाही. झाल्या घोटाची धास्ती घेऊ नका, पण यापुढे थेंबही नको. सर्दीला वाफ आणि त्यांनी दिलेलंच औषध.

मलाही हे ठाऊक नव्हतं. तुम्ही मायेनंच दिलीत. राग आला तर माझ्यावर काढा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
विमल

निघोजे,
ता. २ फेब्रुवारी २०२५

सौ. विमलबाईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

राग आला व्हता, खोटं कशाला सांगू? म्हणून तर उत्तर न्हाई धाडलं. वर्षाराणीशीबी धड बोलत नव्हते. मग एका दुपारी ती जवळ बसली आन् माझा हात तिच्या पोटावर ठिवला. आत बाळ ढुशा मारत व्हतं. राग तिथंच इरघळला.

आता गंमत ऐका. रविराजचा मित्र समाधान, त्याच्या नव्या फ्लॅटची पार्टी व्हती. तो वर्षाराणीला आग्रह करू लागला, वहिनी, वाइन म्हंजे द्राक्षाचा रसच की. मी उठले, त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आन् डॉक्टरबाईंचं समदं भरल्या हॉलमधी सांगितलं. गाणी बंद पडली! रविराजनं आपलाबी ग्लास खाली ठिवला, म्हणाला, बाळ येईस्तोवर मीबी न्हाई. समाधानच्या बायकोला दुसरा महिना हाय, कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं मला आत नेऊन गळामिठीच मारली.

लोभ हाय, तो वाढवा.

तुमची,
गवराबाई

पिंपरी,
ता. २९ मार्च २०२५

सौ. गवराआजींना विमलआजीचा सप्रेम नमस्कार!

मुलगी झाली! रविराजच्या हाती ही चिठ्ठी देते आहे, कारण तो नुसता हसतोय, नीट काही सांगेल असं वाटत नाही. बाळ चांगलं तीन किलोचं आहे, जावळ दाट, आणि आवाज असा की सगळा वॉर्ड जागा. डॉक्टरबाईंनी तपासलं, सगळं उत्तम आहे. वर्षा शांत झोपली आहे. रविराज म्हणतो, आता पुढेही ग्लास नको, लेकीला जवळ घेताना तोंडाला वास यायला नको.

उद्या सकाळीच त्याच्याबरोबर या. लाडूंचे डबे, पिशव्या सगळं त्याच्याकडे द्या. तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत.

आता लोभ असावा असं वेगळं काय लिहू? तो लोभच नातीच्या रूपानं माझ्या मांडीवर जांभया देतोय.

आपली,
विमल