भिंतीपलीकडचा टीव्ही

दादा, तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकीनं घेतलेला हर्सूलचा हा फ्लॅट तुम्ही पाहिलाच नाहीत. तिसरा मजला आहे. माझी मुलगी ज्या खोलीत अभ्यास करते तिच्या पलीकडं शेजाऱ्यांचा हॉल, मध्ये एकच चार इंची भिंत. दिवाळीनंतर तिथं नवं कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याचे म्हातारे वडील. दुपारी दोनला त्यांचा टीव्ही लागायचा आणि सहापर्यंत बातम्यांचा शब्दन् शब्द आमच्या घरात ऐकू यायचा. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. कानात कापूस घालून ती बसायची. एक दिवस तिनं वही भिंतीवर फेकली आणि रडायला लागली. हाताला कणीक तशीच, मी जाऊन शेजारची बेल दाबली.

सुनेनं दार उघडलं. "ताई, मामांना ऐकू येत नाय. मशीन आणलंय, पण टोचतं म्हणून लावत नाहीत."

"मग आमच्या लेकरानं काय करायचं?"

म्हातारे टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून त्यांनी हात जोडले आणि जिन्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "या ना, बसा!" मी बसले नाही. तीन दिवस आवाज कमी होता. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी सोसायटीकडं लेखी अर्ज दिला. सेक्रेटरींनी नोटीस काढली ती थेट त्यांच्या दाराला चिकटवली, येणारा-जाणारा थांबून वाचायचा.

दुसऱ्या दिवशी रविवार. टीव्ही लागला नाही. मी मुलीजवळ बसून मेथी निवडतेय, आणि भिंतीतून त्यांच्या मुलाचा आवाज येतो. "आख्ख्या बिल्डिंगमध्ये इज्जत गेली तुमच्यापायी! लई झालं आता. गावाकडं जाऊन राहा!" म्हातारे विचारतात, "काय? काय म्हणतो?" तो तेच पुन्हा बोलतो, आणखी मोठ्यानं. त्यांना ऐकू जावं म्हणून त्याला ओरडावं लागत होतं, आणि म्हणून आम्हालाही एकेक शिवी ऐकावी लागत होती. मुलीनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता थांबेल. थांबेना.

तेव्हा तुम्ही आठवलात. चिकलठाण्याच्या कारखान्यात पॉवरप्रेसवर बावीस वर्षं काढून कान घालवून बसलेले. मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत रेडिओ लावला की तुम्ही आधी आमच्या तोंडाकडं बघायचात आणि तळवा खालीवर करून विचारायचात, जास्त झाला का? आई मानेनंच नाही म्हणायची. रेडिओ तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात असायचा.

मी पुन्हा बेल दाबली. या वेळी मुलानंच दार उघडलं.

"आता काय? बंद केलाय टीव्ही."

"अर्ज मी दिला होता. मागं घेते. पण त्यांना असं बोलू नका."

"बोलायला काय जातं तुमचं? रोज सांभाळून बघा, मग कळंल."

आतून म्हातारे विचारत होते, "कोण आलंय? बसा म्हणावं." त्यानं दार लावून घेतलं.

अर्ज मी त्याच संध्याकाळी मागं घेतला. मुलीचं टेबल आमच्या खोलीत हलवलं. ते आधीच सुचायला हवं होतं. आठवड्याभरात म्हातारे खुलताबादकडं त्यांच्या गावी गेले. आपणहून गेले की पाठवले, हे सुनेला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पलीकडं आता चिडीचूप असतं.

हे मी मुलीलाही दाखवणार नाही. दादा, त्याला मी 'असं बोलू नका' म्हणाले, कारण मी स्वतः तुमच्यावर कधी ओरडले नव्हते. पण ते का, हे तुम्हाला ठाऊक नाही. आई गेल्यावर एकदा शेजारच्या काकूंनी मला नळावर विचारलं, "काल तुमच्याकडं भांडण होतं का गं?" भांडण कसलं, भाकर झालीय एवढंच मी तुम्हाला सांगत होते. त्या दिवसापासून मला लाज वाटायला लागली. शेवटचं वर्षभर तुमच्यासमोर बसून मी नुसते ओठ हलवायचे. आवाज काढतच नव्हते. आणि तुम्ही "व्हय, व्हय" म्हणत मान डोलवायचात.