टोरीच्या तेलाचं लुकण

प्रिय घनश्याम,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी ऐक. दुसरीपर्यंतची माझी शाळा, अक्षर वाकडं येतं, पण हे दुसऱ्या कोणाला सांगून लिहून घ्यायचं नव्हतं. सकाळपासून एका जागी बसवत नाही. चुलीवर भात ठेवते, उठून अंगणात जाते, लॉरीला हात लावते, परत येते. भात लागला. लागू दे.

इकडे धान कापायला आलं आहे. दिवाळीच्या तोंडावर आपला जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला म्हणतात, आपल्या फाट्यावरचा खड्डा मात्र आहे तिथंच आहे. येत्या शुक्रवारी गावची मंडई, दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. नाटकाचे पडदे, पेट्या आणि नट आणायला मुखरूभाऊनं दरसालासारखी आपलीच लॉरी सांगितली होती. परवा येऊन तिच्याभोवती फिरला आणि म्हणतो, "काऊन जी वहिनी, लॉरीले देवी आल्या काय? हिच्यातून आमचा राजा उतरन तं लोक नाटकाआधीच हासतीन." मी म्हटलं, तुमच्या राजाचं तोंड पाहून तसेही हासतातच. पण बोलणं मला लागलं, कारण खरं होतं. दरवाजावरचा रंग उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकला होता.

तडकणार नाही तर काय होईल? तू चैतात घर सोडून खाणीवर गेलास, त्याच दुपारी तुझ्या बानं दरवाजावरचा तो पोचा बुजवायला घेतला. गावानं पाहू नये म्हणून एवढी घाई. खडू कुटला, आणि जवसाचं तेल संपलं होतं म्हणून माझ्या फळीवरचं टोरीचं तेल उचललं. मी म्हटलं, "हे काय करून राह्यले जी? मोहाचं तेल हाय ते, सुकत नाई." तर म्हणतो, "तू चुलीपाशी जाय." गेले. त्यानं आत न पाहताच ते लुकण थापलं, वरून हिरवा रंग मारला. वरचा रंग वाळला, आतलं लुकण लोण्यासारखं तसंच. उन्हात खाली ओघळलं, पावसात रंगाला भेगा पडल्या. मग त्या भेगांवर आणखी लुकण, आणखी रंग. पुन्हा भेगा. सारं वरून वरून. खालचा पत्रा सरळ करायला त्यानं हातोडी उचललीच नाही.

तुम्ही दोघं बापलेक कसं करायचे ते मला आठवतं. दरवाजाचा आतला पत्रा खोलून तू लॉरीत बसायचा, लोखंडी ठोकळा पोच्याच्या मागून दाबून धरायचा. तो बाहेरून म्हणायचा, "धर." तू म्हणायचा, "हं." मग हातोडी पडायची. ठोकळा बरोबर जागी असला की खणकन आवाज यायचा, सरकला की भद्द. मी चुलीपाशी बसून सांगायची, आता माझा पोरगा कंटाळला. लढाईनंतर लिलावात घेतलेली ही लॉरी, किती वेळा खरचटली असेल, पण तुम्ही दोघांनी तिच्या अंगावर लुकण कधी बोटभर जाड लावलं नाही.

काल मला राहवलं नाही. तुझा बा धानाच्या बांधीत गेला होता. मी खुरपं घेतलं आणि ते सगळं खरवडून टाकलं. वरची खपली निघाली, खालचा गोळा हातात आला, अजून ओला. आत पाहिलं. पत्र्याला अंगठ्याएवढं भोक, कडा आत वळलेल्या. त्याच्याभोवती परातीएवढा खोल पोचा. चालती गाडी घासली की पडतो तसा पुढून मागे ओरखडा कुठंच नाही. आणि पत्र्याच्या घडीत, त्या तेलकट लुकणात धरून राहिलेले केस. आखूड, जाड, काळे.

तू तेच सांगत होतास ना रे? मूल गावाजवळच्या जंगलात गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता, तू लॉरी उभी केली, आणि पिलावाली मागे होती तिनं येऊन धडक दिली. आणि तुझ्या बानं चार हमालांसमोर तुला थापड मारली. "झोपेत झाडाले ठोकली अन् गव्याचं नाव सांगतं काय बे!" तू टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघालास.

संध्याकाळी तो आला. मी दरवाजाकडे बोट केलं. त्यानं भोकात अंगठा घातला. केस तळहातावर घेतले, उजेडाकडे धरले. तो जंगलातच वाढला, त्याला कोणी सांगायला नको. मग म्हणाला, "गाडी जागीच उभी होती." बस, एवढंच. जेवला नाही.

आज सकाळी त्यानं आतला पत्रा खोलला, हातोडी घेतली आणि सवयीनं म्हणाला, "धर." आत कोणीच नव्हतं. मी झाडू टाकला आणि जाऊन ठोकळा धरला. एक घाव पडला, भद्द झालं. "तुले नाई जमत," म्हणाला. माझं डोकं फिरलं. "मंग ज्याले जमते त्याले बोलवा ना!" त्यानं हातोडी मडगार्डवर ठेवली आणि बाहेर जाऊन बसला. तेवढ्यात मुखरूभाऊ चार माणसं घेऊन आला, भोक पाहून हसत म्हणाला, "देवाजी, आता हे काय काढलं?" तुझा बा सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाला, "गव्यानं मारली. पोरगा सांगत होता, म्या ऐकलं नाई." मुखरूभाऊचं हसणं तिथंच थांबलं. मग म्हणाला, "लुकण लावू नका, भोक राहू द्या, लोकायले दिसू द्या. दरवाजा सरळ झाला का मंडईले नेऊ."

म्हणून हे पत्र. त्याला लिहिता येतं, पण तो लिहिणार नाही. जे बोलायचं ते त्यानं चारचौघांत बोलून टाकलं, याहून जास्त त्याच्याकडून निघणार नाही. तुझ्या खाणीच्या मुकादमाला काय सांगायचं ते सांग आणि शुक्रवारच्या आत ये. थापडेचं तू त्याच्याशी पाहून घे, मी मध्ये पडणार नाही, वाटलं तर महिनाभर भांडा. पण आधी दरवाजा सरळ करा. हातोडी मडगार्डवर पडली आहे, कोणाला हात लावू देत नाही तो. ठोकळा मी तुझ्या जागेवर ठेवला आहे. तो "धर" म्हणेल तेव्हा आतून "हं" ऐकू आलं पाहिजे.

आशीर्वाद आल्यावर देईन, डोक्यावर हात ठेवून.

तुझीच,
माय