खांद्यावरचा एकविसावा

आबा,

तुमच्या आनि आईच्या पायांवर डोकं. मी बरा हाय. डाव्या हाताला पट्टी हाय, पर लिवतो उजव्यानं.

पेटलेलं मालजहाज टीव्हीवर दावलं आसंल. त्याची मानसं आमच्याच युद्धनौकेनं उतरवून घेतली. एकवीस जन. मोजायला साहेबांनी मला उभं केलं. तुमी गोठ्याच्या दारात शेरडं मोजता, तसं एकेकाच्या पाठीला हात लावून म्या आत सोडलं. वीसच भरले. पुन्ना मोजले, तरी वीस. एक कमी हाय, म्हनून वरडलो. होडी परत आगीकडं निघाली, तवा साहेब म्हनले, "माउली, तुझ्या खांद्यावर कोन हाय?"

पाय भाजलेला म्हातारा आचारी म्याच उचलून घेतला हुता.

तुमी पासलीचा डोंगर पालथा घातला आन् करडू तुमच्याच घोंगडीत निघालं, त्याला आई आजून हसती का? तिचा गुडघा कसा हाय?

आमची नौका औंदा निवृत्त व्हनार. तिनं केलेल्या कामांची पाटी हाय, तिच्यावर शेवटची ओळ लिवायला ब्रश माझ्याच हाती दिला. 'एकवीस वाचवले' लिवायच्या आदी मी खाली जाऊन समद्यांच्या पाठीला पुन्ना हात लावून आलो.

तुमचा,
माउली