पाचशेच्या जागी एक

५ जून, सकाळ
मामंजींच्या रेडिओचं व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर होते. बटणामागचा पॉट, आवाज कमी-जास्त करणारा भाग, झिजलाय. आज बदलते. मी शाळेत चार वर्षं गेले, दुरुस्तीच्या दुकानात वीस. दुकानातलीच मोजायची.

दुपार
जुन्या पॉटवर पाचशे के, म्हणजे किलो-ओहम, लिहिलंय. पार्टवाला म्हणाला, ताई, पाचशेच न्या. मी विचारलं, हा आकडा वीज अडवण्याचाच ना? हो म्हणाला. मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज एवढा अडवायचा कशाला? एक केचा घेतला. तो मागून काहीतरी सांगत होता. मला वेळ नव्हता.

संध्याकाळ
बसवला. खरखर गेली. आवाजही थोडा गेला. म्हणजे बराच. पण सोल्डरचे टाके चकचकीत बसलेत. रेडिओत दोष नाही.

६ जून
मामंजी म्हणे ऐकू येत नाही. स्पष्ट सांगितलं, सत्त्याहत्तर वय झालं, कान गेले. जन्मभर पियानो सुरात लावले त्यांनी. संगीतशाळेचे सहा पियानो अजून तेच बघतात. मला गोड बोलून फसवता येत नाही.

७ जून
नवऱ्यालाही रेडिओ ऐकू येत नाही. बापाचं रक्त. लेकीलाही नाही. तिसरी पिढी. मला कमी येतो, पण मी दुकानात दिवसभर भोंगे तपासते, माझे कान दमलेत. माझं बोलणं मात्र सगळ्यांना ऐकू येतं म्हणे. माझा आवाजच तसा आहे.
औषधाच्या दुकानातून कानाचे थेंब आणले. रोज आठ वाजता, मामंजींच्या दोन्ही कानांत. बाकीचे पळाले.

९ जून
मामंजी संगीतशाळेत जाऊन सांगून आले, आता जमणार नाही. तारांच्या खुंट्या पिळायची किल्ली फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. तिथल्या मोठ्या बाईंनी शनिवारपर्यंत विचार करा म्हटलंय, मग दुसरा माणूस नेमणार. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. म्हटलं, घरात जाणकार असताना बाहेर कशाला?

११ जून
पार्टवाल्याने विचारलं, रेडिओ वाजतो का? म्हटलं, वाजतो, घरातले बहिरे झालेत. तो हसला नाही. म्हणाला, ताई, पॉट म्हणजे टाकीला बाजूने पडलेलं भोक समजा. आकडा मोठा तर भोक बारीक. तुम्ही एक के लावलात म्हणजे भगदाड पाडलंत. सगळा आवाज तिथूनच वाहून गेला.
पाचशेचा घेतला. पिशवीत तळाशी ठेवला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं.

१२ जून
मामंजी अंघोळीला गेले तेवढ्यात बदलला. रेडिओ असा दणाणला की लेक धावत आली. नवरा म्हणाला, थेंब लागू पडले. मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.
मामंजींना म्हटलं, आता जा की शाळेत. तर म्हणाले, नको. थेंबांवर चालणाऱ्या कानांनी सूर कसा लावू? लोकांची फसवणूक होईल.
फसवणूक हा शब्द त्यांनी वापरला.

१३ जून
मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, जागा ठेवा, ते येतील. त्या म्हणाल्या, मी त्यांना चार वेळा थांबवलं. पण ते म्हणाले, माझी सून यंत्रातली माणूस आहे, तपासल्याशिवाय बोलत नाही.
घरी येईपर्यंत मान वर झाली नाही. उद्या सांगायचंच.

१४ जून, शनिवार, सकाळ
चहाच्या वेळी सांगते.
मामंजी चहा पिताना खूश होते. राहू दे.

दुपार
झोपलेत. झोपमोड बरी नाही.

संध्याकाळ, आठ
मामंजी आपणहून कुशीवर झाले, थेंबांसाठी. उजवा कान उशीत, डावा वर. थेंब टाकले आणि म्हटलं, मामंजी, कान तुमचे चांगलेच होते. पॉट मी चुकीचा बसवला होता.
सांगितलं. सगळं सांगितलं, एका दमात.
ते म्हणाले, काय म्हणालीस गं? थेंब आहेत ना कानात.
मी म्हटलं, हलू नका.