सरपंचाचा फोन

नांदेड,
३ एप्रिल २०२५

ती. सौ. वर्षाराणी वहिनींना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडं सगळं ठीक आहे. आठवड्यात तीनदा तुम्हाला फोन लावला. तिन्ही वेळा दादानंच उचलला आणि ती भाकरी करून राहिली म्हणून सांगितलं. एवढ्या भाकरी तुमच्याकडं खातं तरी कोण? शेवटी पत्र लिहायला बसले.

आमची सवालाची लाइन तुम्हाला वेगळी काय सांगायची! गावातल्या कुणीही त्या नंबरवर फोन करून सरपंचाला सवाल बोलून ठेवायचा, सरपंचानं आपल्या मोबाइलवरून उत्तर लिहायचं. पुण्याच्या एका न्यासाच्या अनुदानावर आम्ही ती नांदेड-लातूरच्या गावांत चालवतो. आणि सगळ्यांत पटापट उत्तरं कुणाची, तर आमच्या वहिनींची! भाषा मात्र ‘आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे’ अशी. तहसीलदारीण झालात की काय?

आता काळजीचं. पुढचं अनुदान देण्याआधी न्यासाची माणसं एक गाव स्वतः बघणार आहेत. मी अहवालात तुमचं कौतुक लिहिलं होतं, म्हणून त्यांनी तुमचंच गाव निवडलं. १ मेच्या ग्रामसभेत ते लोकांचे सवाल कर्ण्यावर ऐकवतील आणि तुमच्याशी बोलतील. त्या दिवशी आमच्यातल्या कुणी गावात फिरकायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. अनुदान थांबलं तर ऑफिसला कुलूप लागेल आणि आम्ही चौघी घरी बसू. रात्री डोळा लागत नाही. तुम्ही आहात, एवढाच धीर आहे.

आईला जयभीम सांगा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
बुद्धप्रिया


पिंपळदरा (मुरुड),
९ एप्रिल

चि. प्रियास अनेक आशीर्वाद.

पोस्टमननं पत्र अंगणवाडीत माझ्या हातात दिलं, हे नशीब. यापुढं इथल्या अंगणवाडीच्या चांगुणाच्या नावानं पाठव. तिच्या फोनवरून बोलले असते, पण तिच्या घरची चार माणसं कान देऊन बसतात.

बाई गं, कसले सवाल आणि कसली उत्तरं? मी त्यातला एकसुद्धा बघितलेला नाही. निवडून आले त्याच आठवड्यात तुझ्या दादानं स्वतःचा फोन मोठ्या पोराला लातूरला कॉलेजसाठी देऊन टाकला आणि माझा आपल्या खिशात घातला. म्हणाले की सरपंचाला दिवसभर फोन येतात, बाईमाणसाला कशाला तरास. तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं.

माणूस वाईट नाही, तुला माहीत आहे. नळाच्या कामासाठी उन्हातान्हात लातूरला खेटे घालतात. पण कागदावर सही तेवढी माझी असते. आता ती माणसं सगळ्या गावासमोर मला विचारतील की कुठल्या सवालाला काय उत्तर दिलं. मी काय सांगू? मी आजारी आहे असं कळव ना त्यांना.

आणि एक सांग. लोकांनी मला विचारलंय तरी काय?

आईंची तब्येत बरी आहे. तुझ्या वहिनीला विसरू नको.

वर्षाराणी


नांदेड,
१६ एप्रिल

ती. सौ. वहिनींना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. दादाला फोन केला. तो म्हणाला की हाव, मीच देतो उत्तरं, त्यातलं एक तरी चुकीचं हाय का ते दाखव. चुकीचं एकही नाही, वहिनी. म्हणून तर मला त्याच्याशी भांडता येईना. ज्यानं स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं, त्याला मी काय बोलू?

आजारी म्हणून कळवलं तर ते दुसरं गाव निवडतील, पण संशय धरतील. खरं कळवलं तर माझा अहवाल खोटा ठरेल. म्हणून हात जोडून एक मागते. सगळे सवाल आणि दादाची उत्तरं सोबत लिहून पाठवली आहेत. तेवढी पाठ करा. अंगणवाडीची टाकी गळते, वेशीतला दिवा बंद आहे, असलंच आहे सगळं. एका बाईनं विचारलंय की सरपंचबाई, तुमाला एकटीला भेटायचं हाय, कधी येऊ? त्याला उत्तर आहे, कार्यालयीन वेळेत भेटावे. अवघड काहीच नाही.

एका दिवसाचा प्रश्न आहे. माझ्यावर रागावू नका आणि मला दूर लोटू नका.

तुमची,
प्रिया


पिंपळदरा,
६ मे

चि. प्रियास,
जयभीम.

दादाचं पत्र कसं काय आलं, असं वाटलं असेल. माझ्याकडं फोन नाही, म्हणून लिहितोय.

एक तारखेला मंडप मीच बांधून घेतला, खुर्च्या मीच लावल्या. वर्षाच्या शेजारची खुर्ची माझी होती. पुण्याच्या मॅडमनी कर्ण्यावर सवाल लावले. टाकीचा झाला, दिव्याचा झाला, आणि मग आपल्या घरातलाच आवाज आला. सकाळीच चांगुणाच्या फोनवरून बोलून ठेवला होता तिनं. मी वर्षाराणी, या गावची सरपंच, असं म्हणाली. गावातल्या एका बाईला मला एकटीला भेटायचं होतं, तो सवाल माझ्यापर्यंत आलाच न्हाई. माझा फोन मला कधी मिळंल, हे सरपंचानं सांगावं.

कुणीतरी फसकन हसलं. माझा हात खिशावर गेला आणि तो अख्ख्या गावानं बघितला.

कानशिलं तापली गं. उठून जाणार होतो. दर जयंतीला हक्कांवर भाषण ठोकणारा मी! आई बायकांत बसली होती, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी फोन टेबलावर नेऊन ठेवला. मग वर्षा उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली की आजवरची उत्तरं माझी न्हाईत, इथून पुढची माझी.

तुझं अनुदान त्यांनी आत्ता थांबवलंय. तीन महिने सरपंचाची स्वतःची उत्तरं बघू, मग ठरवू म्हणाल्या. एका सवालाला तिला दोन दिवस लागतात. तिला लिहिताना बघून माझी बोटं वळवळतात, पण तुझ्या ऑफिसची आठवण ठेवून गप्प बसतो. मला लई लाज वाटते आणि भीतीही वाटते, दोन्ही खरं. तूही काही कमी नाहीस. माझी उत्तरं तिला पाठ करायला पाठवलीस! शेवटी आपण एकाच आईची लेकरं.

परवा तू माझ्याशी बोलायला फोन केलास ना? तिनं तुला सांगितलं की ते कामात हायेत. मी तिच्या शेजारीच चहा पीत बसलो होतो.

ती भेटायचं म्हणणारी बाई म्हणजे भीमाची सून. आवाजावरून वर्षानं तिला शोधून काढलं आणि काल तिच्या घरी जाऊन आली. दार लावून दोघी लई वेळ बोलत होत्या. घरी आल्यावर वर्षाचे डोळे लाल होते, आल्या आल्या तिनं कुणाला तरी फोन लावला. काय झालं म्हणून मी विचारलं. ती म्हणाली की त्या पोरीला सरपंचाला भेटायचं होतं, तुमाला न्हाई.

या दादावर जीव असू दे.

तुझा,
रविकांत