बाबांचा शब्द अडतो कुठे

४ मार्च
बाबांचं बोलायचं यंत्र आज पुन्हा अडकलं! बाबांनी 'पाणी'चं बटण दाबलं आणि पडदा गोठला. आई वैतागली — "अहो, बोला की!" पाणी पिऊन झाल्यावर यंत्र म्हणालं, "पाणी." बाबांच्याच आवाजात. आईला हसू फुटलं. मला नाही.

घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी त्यांनी एकेक शब्द रेकॉर्ड करून ठेवला. एका शब्दाची एक फाइल. लिलावात बोली पुकारणारा माणूस, तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. आता एका शब्दासाठी ताटकळतो. आणि मी पोटासाठी कर्नल लिहिते, असल्या यंत्रांचा गाभा चालवणारा प्रोग्राम! लाज वाटते.

६ मार्च
बाबा बटण दाबायच्या आधीच थांबतात हल्ली. आई म्हणते, "छळ मांडलाय त्या डब्याने. धसकाच घेतलाय त्यांनी."

९ मार्च
सापडलं! अ‍ॅसिंक्रोनस रीड म्हणजे फाइल मागायची आणि वाट न बघता पुढचं काम करायचं. फाइल मेमरीत हाताशी नसेल तर कर्नलने लगेच "आत्ता नाही" म्हणायचं आणि वाचायचं काम मागे दुसऱ्याकडे सोपवायचं. पण फाइल यंत्राच्या मेमरी कार्डावर कुठे आहे हा नकाशाच मेमरीत नसला, तर हा पठ्ठ्या तिथेच ठिय्या मारून नकाशा वाचत बसतो. सगळं यंत्र खोळंबतं.

दुरुस्त केलं. बाबांना दाखवलं. "शाब्बास गाढवे!" — लगेच आलं! किती दिवसांनी शिवी खाल्ली.

१० मार्च
छे. सकाळी यंत्र सुरू केलं, पुन्हा गोठलं. चाचणी घेताना मी कॅश, म्हणजे मेमरीतला तात्पुरता साठा, रिकामी केलीच नव्हती! फायली आधीच मेमरीत, कार्डापर्यंत जायची वेळच आली नाही. ऑफिसात याच चुकीवरून मी लोकांना झापते.

अजून एक जागा निघाली. फाइल शेवटची कधी वाचली, ती वेळ नोंदवायलाही कर्नल रांगेत उभा राहत होता.

१३ मार्च
झालं. कॅश रिकामी करून, यंत्र बंद-चालू करून, दिवसभर पिदडलं. एकदाही अडकलं नाही. आई खूश — "आता होतील बघ पहिल्यासारखे."

१६ मार्च
बाबांजवळ बसून यंत्राच्या नोंदी बघितल्या. बटण दाबलं की शब्द तत्क्षणी येतो. उशीर होतो तो बटण दाबायच्या आधी.

आईला हाक मारायची होती त्यांना. बोट पडद्यावर फिरत राहिलं, कुठेच टेकेना. त्या बटणावर आईचा फोटो आहे! आई समोर उभी होती. "धसका," ती म्हणाली. मी नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या, कुठे तरी कर्नलचीच चूक निघू दे म्हणून. नाही निघाली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१७ मार्च
बाबांनी शोधून शोधून तीन बटणं दाबली — "यंत्र. अजून. खराब?"

"हो बाबा," मी म्हटलं. "माझंच काम राहिलंय."