स्वयंपाकघरातले मागचे स्पीकर

बाबा,

काल पुन्हा अकोल्याला जाऊन आले. मोरीत आईचा पाय घसरला होता. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली आहे. या वेळी तिचं काही ऐकायचं नाही, सरळ अमरावतीला माझ्याकडे आणायचं, असं ठरवूनच गेले होते. बॅग भरायला घेतली तर म्हणाली, "आधी चहा घे," म्हणून स्वयंपाकघरात बसले. फडताळावर तुमचे दोन स्पीकर तुम्ही गेल्यावरही तसेच आहेत, तेलकट, जाळीत पीठ बसलेले.

जुन्या शहरातलं आपलं कॅसेटचं दुकान आधी सीडीवर आणि मग डीव्हीडीवर गेलं, तेव्हा तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला कव्हर उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवायचात. सीडीत दोनच आवाज, हिच्यात सहा: पुढून तीन, मागून दोन आणि एक नुसता धडधडायला. त्याच्या घरी टीव्हीला एकच फुटका स्पीकर, त्याला काय त्याचं! मग सहा स्पीकरांचा सेट तुम्ही घरीच आणलात. आई काही बैठकीत येऊन बसायची नाही, म्हणून मागचे दोन खिडकीतून वायर ओढून थेट गॅसपाशी नेलेत. ते सोफ्याच्या मागे लावतात, असं मी म्हटलं, तर म्हणालात, "सोफ्याच्या मांगं कोन बसते? तुया आईले अर्धा पिच्चर तरी भेटू दे."

भेटला तो अर्धाच. माणसांचं बोलणं सगळं बैठकीतल्या मधल्या स्पीकरमधून. तिच्याकडे नुसता पाऊस, घोडे, टाळ्या. तव्यापासून ती ओरडायची, "कोन मेलं जी?" की तुम्ही उठून दारात उभे राहून सांगायचात, थोडं पदरचं घालून. मी वैतागायचे. टीव्हीवरून एक साधा स्पीकर तिकडे नेला असता तर भागलं असतं, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तुम्हाला उठायचंच असायचं.

आता माझ्याकडे टीव्हीखाली एक लांब पट्टी आहे, सगळे आवाज म्हणे तिच्यातच कोंबलेत. ऑफिसातून आल्यावर मी ती लावते आणि सोफ्यावर तशीच झोपून जाते. कालही चहा पिताना डोळे मिटत होते.

"चाल न वं आई," मी म्हटलं.

"तुमी दोघं दिवसभर ड्युटीवर. तिथं मी कोनाशी बोलू? मले इथंच बरं हाय. तू कावून जीव जाळून राह्यली?"

एरवी मी भांडते, रडते. काल रिकाम्या बॅगेची चेन लावली आणि एसटीत बसले. मूर्तिजापूर यायच्या आत गाढ झोप लागली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आई ऐकतच नाही. खरं हे की, ती नाही म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिचं करायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही, बाबा. हे तिला सांगता येत नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिता आलं.